सार्वजनिक काका आणि धान्याची निर्यात

अन्नधान्याची टंचाई पडली म्हणजे सरकारने निर्यात रोखावी काय, हा प्रश्न नवा नव्हे. सातारा-सांगलीकडील व्यापारी बंधूंस त्याचा विचार करावयाचा असेल, तर त्यांनी गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवावे.

काकांचा जन्म १८२८ साली साताऱ्यास झाला. पुढे पुण्यास जाऊन त्यांनी प्रथम नोकरी व मग वकिली केली. १८७० साली सार्वजनिक सभा निघाली. औंधचे पंतप्रतिनिधी तिचे अध्यक्ष, तर काका तिचे प्राण होते. १८७२ साली त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले व १८७७ च्या दिल्ली दरबारास ते खादीच्या वेषात गेले.

१८७६ साली पावसाने दगा दिला. साताऱ्याचा माण-खटावाकडील पूर्वभाग होरपळला. सभेने गावोगावची पिके, भाव व दुष्काळी कामे यांची माहिती मिळवून ती पत्रांमागून पत्रे लिहून सरकारपुढे मांडली. मजुराचा रोजचा शिधा एक रत्तल धान्यावर आणला गेला, तेव्हा सभेने त्याविरुद्ध दाद मागितली. खुल्या व्यापाराच्या तत्त्वास चिकटलेल्या हिंदुस्थान सरकारने मात्र निर्यात रोखली नाही. १८७७-७८ साली साठ लाख हंड्रेडवेटांहून अधिक गहू परदेशी गेला. आगगाडीने दुष्काळी मुलखातही धान्य आले, हे खरे. परंतु ज्याच्या गाठी पैसा नाही, त्यास भरलेल्या बाजाराचा काय उपयोग? १८८० साली काका निवर्तले.

आज कायदा बदलला आहे. १९४७ च्या जकात व व्यापारविषयक सर्वसाधारण कराराचे अकरावे कलम निर्यातबंदीस सामान्यतः मनाई करते. मात्र अन्नाचा तीव्र तुटवडा टाळण्यासाठी तात्पुरती बंदी घालण्यास मुभा देते. परंतु उलट बाजूचा अन्यायही आम्ही पाहिला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात एकाएकी बंद झाली, ती मे २०२४ मध्ये खुली झाली; मधल्या काळात पडलेल्या भावाची झळ लोणंदच्या बाजारात कांदा आणणाऱ्या शेतकऱ्यानेही सोसली.

बंदी सर्वस्वी वाईट किंवा सर्वस्वी चांगली, असे आम्ही म्हणत नाही. खाणाऱ्याचे पोट व पिकविणाऱ्याचा घाम ही दोन्ही तराजूत घालावयाची, तर आधी खरी माहिती हवी. सरकारने ती गावोगावहून वेळेवर घ्यावी, बंदीची मुदत आरंभीच सांगावी; आणि व्यापाऱ्यांनी आपला साठा लपवू नये. काकांच्या सभेने जे काम अधिकार नसताना केले, ते अधिकार असणाऱ्यांस अवघड वाटू नये.