थंडीच्या मुलखात बीज निवडणारा वैदर्भीय

सौंदड (जि. गोंदिया) : गोंदियाहून नागभीडकडे जाणारा लोहमार्ग सौंदड ओलांडून धानाच्या मुलखातून पुढे जातो. याच नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यात दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ मध्ये आपल्या बांधीतील वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या बाजूला काढल्या. त्यांचे बी वर्षानुवर्षे पेरून, पारखून त्यांनी सिद्ध केलेले ‘एचएमटी’ हे धानाचे वाण पुढे दूरदूर पोहोचले. उभ्या पिकातून बीज निवडण्याची ही विद्या विदर्भाच्याच आणखी एका सुपुत्राने त्यापूर्वी सात दशके आधी, सातासमुद्रापार, हिवाळ्यात बर्फाखाली जाणाऱ्या प्रदेशात आत्मसात केली होती. ते होते डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतील क्रांतिकारक म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. वनस्पतींचा पारखी म्हणून त्यांची ओळख मात्र अपुरीच राहिली आहे.

खानखोजे यांचा जन्म १८८० च्या दशकात वर्धा परिसरात झाला. शिक्षणासाठी ते नागपुरात आले आणि लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावून गेले. सशस्त्र क्रांतीसाठी लष्करी शिक्षण हवे आणि ते परदेशातच मिळेल, अशी त्यांची धारणा झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी देश सोडला. रशियाला युद्धात नमविणारा जपान हा त्यांचा पहिला मुक्काम होता. तेथून ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले.

तेथे त्यांनी दोन विद्यांची उपासना एकाच वेळी केली. कॅलिफोर्नियातील एका लष्करी अकादमीत त्यांनी शस्त्रविद्येचे धडे गिरविले आणि कृषी महाविद्यालयांत शेतीशास्त्राचे. पारतंत्र्यातील देशाला बंदुकीइतकीच भाकरीचीही गरज आहे, हे दुष्काळाच्या काळात वाढलेल्या या तरुणाला वेगळे सांगावे लागले नाही. ओरेगॉननंतर ते वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील महाविद्यालयात दाखल झाले.

पुलमन हा लाटांसारख्या टेकड्यांचा, गव्हाचा आणि कडाक्याच्या थंडीचा प्रदेश. विदर्भात थंडीची चाहूल लागली की गहू पेरला जातो आणि उन्हाळा तापण्यापूर्वी कापला जातो. पुलमनकडे शरद ऋतूत पेरलेला गहू रोपावस्थेतच बर्फाखाली जातो, वसंतात पुन्हा वाढीला लागतो आणि भर उन्हाळ्यात पिकतो. बर्फाचा जाड थर रोपांवर पांघरुणाचे काम करतो. खरी हानी होते ती बर्फ नसताना पडणाऱ्या कोरड्या थंडीने. त्यामुळे तेथे वाण निवडताना दाणा किती टपोरा, यापेक्षा रोप हिवाळ्यातून जिवंत बाहेर पडते का, हा प्रश्न आधी विचारला जातो. याच पुलमनमध्ये विल्यम स्पिलमन या शास्त्रज्ञाने थंडी सोसणारा गहू तयार करण्यासाठी संकर केले आणि त्या नोंदींतून विसाव्या शतकाच्या आरंभी ते मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांपर्यंत स्वतंत्रपणे पोहोचले होते. स्पिलमन १९०२ मध्ये तेथून गेले, पण त्यांच्या कार्याने घडलेल्या संस्थेतच पुढे खानखोजे यांचे शिक्षण झाले.

मात्र इतिहासाने त्यांना प्रयोगशेतीत फार काळ राहू दिले नाही. १९१३ मध्ये लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना आदींच्या पुढाकाराने गदर संघटना उभी राहिली आणि तिच्या लढाऊ अंगाची जबाबदारी खानखोजे यांच्याकडे आली. पहिले महायुद्ध पेटताच ते तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले. तेथे इंग्रजांशी लढताना ते जखमी झाले, पकडले गेले आणि निसटलेही. पुढे बर्लिन आणि मॉस्को असा प्रवास घडला. क्रांतीचे मनसुबे विरत गेले, मायदेशाची दारे बंद झाली. अखेर १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिको गाठले.

मेक्सिकोत नुकतीच क्रांती होऊन गेली होती आणि जमिनीचे वाटप सुरू होते. पण जमीन हाती आलेल्या शेतकऱ्याला चांगले बियाणे आणि शेतीचे ज्ञान कोण देणार, हा प्रश्न उरलाच होता. खानखोजे यांना चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापनाचे काम मिळाले. नकाशावर हा भाग उष्ण कटिबंधात येत असला तरी समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे. हिवाळ्याच्या रात्री तेथे दव गोठते. पावसाळा मोजक्या महिन्यांचा. पाऊस उशिरा आला आणि थंडी लवकर पडली, तर मक्याचे कणीस भरण्याआधीच करपते. पुलमनच्या बर्फात शिकलेले ज्ञान येथे कामी आले. मका, गहू व कडधान्यांवर संशोधन करून गोठविणारी थंडी आणि अवर्षण सोसणारी वाणे विकसित करण्याचे काम त्यांनी हाती घेतले.

मक्याची निवड गव्हाहून अवघड असते. गव्हाचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते. मक्याच्या तुऱ्यातील पराग मात्र वाऱ्यावर उडून शेजारच्या झाडाच्या कणसापर्यंत जातो. म्हणून ढिगातून मोठे कणीस उचलून भागत नाही; त्याचा पिता कोण, हे कळत नाही. निवडलेल्या झाडाचा तुरा आणि कणीस कागदी पिशवीने झाकावे लागते, ठरविलेला पराग हाताने टाकावा लागतो आणि पुढच्या पिढ्या धीराने तपासाव्या लागतात. खानखोजे यांनी मक्याचा रानटी भाऊबंद असलेल्या तेओसिंते या गवताशीही मक्याचा संकर घडवून पाहिला.

हे ज्ञान विद्यालयाच्या कुंपणात राहू नये, यासाठी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी सामान्य शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा सुरू केल्या. शेतकरी नेता एमिलिआनो झपाटा याच्या विचारांची छाया या शाळांवर होती. नामवंत छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांनी खानखोजे यांच्या कार्याची छायाचित्रे टिपली. मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर दिएगो रिवेरा यांनी रंगविलेल्या एका चित्रात भाकर वाटणारा पुरुष खानखोजे यांच्यावरूनच चितारला असल्याचे मानले जाते. १९३६ मध्ये बेल्जियन वंशाच्या जान सिंदिक यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

भारत स्वतंत्र झाला तरी इंग्रजांच्या काळ्या यादीतील त्यांचे नाव लगेच पुसले गेले नाही. ज्या देशासाठी घर सोडले, त्याच देशाच्या प्रवेशपरवान्यासाठी त्यांना झगडावे लागले. १९४९ मध्ये मध्य प्रांत सरकारचे कृषी सल्लागार म्हणून ते मायदेशी आले. १९५५ च्या सुमारास नागपुरात स्थायिक झाले. तोवर आयुष्याची उमेदीची वर्षे परक्या मातीला देऊन झाली होती.

थंड हवेच्या ठिकाणाहून आणलेले टवटवीत रोप शहरातील बाल्कनीत महिनाभरात का सुकते, याचे उत्तर खानखोजे यांच्या कामात सापडते. झाड जेथे जगायचे, तेथील थंडी, ऊन आणि पाणी यांवरच त्याची पारख करावी लागते. पुलमनचा गहू त्यांनी चापिंगोवर लादला नाही. पुलमनची पद्धत तेवढी नेली.

१९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून सुमारे १८ हजार टन गव्हाचे बियाणे आणले आणि हरित क्रांतीला वेग आला. ते वाण नॉर्मन बोरलॉग यांच्या स्वतंत्र संशोधनाचे फलित होते. त्याचे श्रेय खानखोजे यांना देणे योग्य ठरणार नाही. तथापि, बोरलॉग १९४४ मध्ये मेक्सिकोत येण्याच्या दोन दशके आधी त्याच पठारावर एक वैदर्भीय माणूस थंडीला टिकणारे बीज शोधत होता, ही नोंद पुसता येत नाही. जानेवारी १९६७ मध्ये नागपुरात त्यांचे निधन झाले, तेव्हा मेक्सिकोहून आलेल्या त्या बियाण्याचे पीक उत्तर भारतातील शेतांत उभे होते.