सर रतन टाटा

मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांतील चिनी व जपानी कलाकृति आम्ही कौतुकानें पाहतों. परंतु त्या जमविल्या कोणीं, हें विचारावयाचें सहसा विसरतों. त्यांतील मोठा संग्रह सर रतन टाटा ह्यांचा होय.

जमशेटजींचे हे धाकटे चिरंजीव २० जानेवारी १८७१ रोजीं मुंबईस जन्मले. सेंट झेवियर्स कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. कारखान्यांचा मुख्य भार वडील बंधु दोराबजी ह्यांनीं वाहिला. रतनजींचें मन देण्यांत अधिक रमलें. दक्षिण आफ्रिकेंतील हिंदी लोकांच्या लढ्यास त्यांनीं १९०९ सालीं २५ हजार रुपये दिले, व पुढें ही मदत सव्वा लाखापर्यंत गेली. नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजासही ते सालिना १० हजार देत. इतकें असून १९१६ सालीं सरकारनें त्यांस ‘सर’ केलें, ह्याची आम्हांस मौज वाटते.

पाटण्याजवळ कुम्राहार येथें १९१३ सालीं स्पूनरसाहेबांनीं प्राचीन पाटलिपुत्र खणावयास घेतलें, तें ह्यांच्याच पैशानें. मौर्यकालीन स्तंभमंडपाचे अवशेष त्यांत उजेडांत आले.

परंतु आमच्या मतें त्यांचें खरें वेगळेपण १९१२ सालच्या देणगींत आहे. भुकेल्यास अन्न द्यावें हें कोणीही सांगेल. तो भुकेला कां राहिला, हें शोधण्यास पैसा कोण देतो? रतनजींनीं तो लंडनच्या अर्थशास्त्र विद्यालयास दिला. तेथें टॉनी नांवाच्या पंडितानें सांखळ्या घडविणाऱ्या व कपडे शिवणाऱ्या कामकऱ्यांचा अभ्यास केला, आणि कायद्यानें किमान मजुरी ठरविल्यास त्यांचें काय होतें तें १९१४ व १९१५ सालीं ग्रंथरूपानें मांडलें. हिंदी पैसा इंग्रज मजुरांच्या चौकशींत कां जावा, अशी शंका आमच्याही मनांत आली. पण दारिद्र्याचा रोग दोन्हीं देशांत एकच होता.

५ सप्टेंबर १९१८ रोजीं इंग्लंडांत, अवघ्या ४७ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. मूलबाळ नव्हतें. संपत्ति लोककार्यास लावावी, पण जुन्या चाकोरीनें न जातां नव्या दृष्टीनें, असें ते मृत्युपत्रांत सांगून गेले. त्याप्रमाणें १९१९ सालीं सुमारें ८० लाखांचा विश्वस्त निधि उभा राहिला. पत्नी नवाजबाई ह्यांनीं तें कार्य पुढें चालविलें. गरजू पारशी स्त्रियांस शिवण व स्वयंपाक ह्यांवर स्वतःची भाकरी मिळवितां यावी म्हणून १९२८ सालीं पतीच्या नांवें जी संस्था निघाली, तींतही त्यांचा हात होता.