विश्लेषण : रसायनशास्त्राचे संदर्भ एकहाती लावणारे बाइलस्टाइन कोण होते?

एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या प्रकल्प अहवालात सर्वांत घाईने उरकला जाणारा भाग म्हणजे शेवटची संदर्भसूची. एका निबंधातली यादी उचलून दुसऱ्यात डकवली जाते. हल्ली तर कृत्रिम बुद्धिमत्ता अस्तित्वातच नसलेल्या शोधनिबंधांची नावेही बिनदिक्कत पुरवते. मूळ निबंध उघडून पाहण्याचा कंटाळा मात्र जुनाच आहे. तो न करणाऱ्या एका माणसाच्या नावावर या विषयातला सर्वांत मोठा संदर्भग्रंथ उभा राहिला. त्याचे नाव फ्रीडरिश कॉनराड बाइलस्टाइन.

एकच पदार्थ, दोन नावे

बाइलस्टाइन यांचा जन्म १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील जर्मन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते जर्मनीत गेले. बुन्सेन, लीबिग आणि व्होलर हे त्यांचे गुरू. विशीतच गटिंगनमध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्या काळी सेंद्रिय रसायनशास्त्रात नव्या संयुगांचा पूर आला होता. कोल्बे यांच्यासारख्या दिग्गजाने ‘सॅलिलिक आम्ल’ नावाचे नवे संयुग सापडल्याचे जाहीर केले. बाइलस्टाइन यांनी १८६४ मध्ये सहकाऱ्यासह ते तपासले, तेव्हा ते अशुद्धी मिसळलेले साधे बेन्झॉइक आम्लच निघाले. म्हणजे छापील साहित्यात एकाच पदार्थाला दोन नावे होती आणि वाचणाऱ्याला ते कळायला मार्ग नव्हता. कोणी काय केले, कुठे छापले आणि ते खरे आहे का, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला.

तांब्याच्या तारेवर पदार्थ ठेवून ज्योतीत धरायचा, हिरवा रंग दिसला तर त्यात क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन असण्याची शक्यता, ही १८७२ची ‘बाइलस्टाइन चाचणी’ही त्यांचीच. अनेक विद्यार्थ्यांना ते तेवढ्यापुरतेच माहीत असतात.

हँडबुकमध्ये काय होते?

१८६६ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गच्या तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. ही जागा मेंडेलीव्ह यांनी सोडलेली होती. तिथे अध्यापन सांभाळून त्यांनी ज्ञात सेंद्रिय संयुगांच्या नोंदी जमवल्या. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हँडबुक ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री’ हा जर्मन ग्रंथ दोन खंडांत निघाला : सुमारे २,२०० पाने, १५,००० संयुगे.

नोंदीत संयुगाचे सूत्र, ते कसे तयार होते, द्रवणांक, विद्राव्यता असे गुणधर्म. आणि त्या माहितीला नियतकालिकाचे नाव, खंड, पृष्ठ. नावांसाठी एकेक अक्षर पुरे : ‘ए’ म्हणजे ‘अनालेन’, ‘बी’ म्हणजे जर्मन केमिकल सोसायटीचे ‘बेरिष्टे’. दिसायला ही कोरडी यादी. पण द्रवणांक जुळला नाही तर कोणाचे पान उघडायचे, हे विद्यार्थ्याला लगेच कळू लागले. संदर्भ देणे म्हणजे सौजन्य असे अनेकांना वाटते. इथे तो पडताळणीचा पत्ता होता.

हे संशोधन की कारकुनी?

याची किंमत होती. ग्रंथ वाढत गेला तसे त्यांचे स्वतःचे प्रयोग मागे पडले. १८८० मध्ये रशियन विज्ञान अकादमीने मेंडेलीव्ह यांना मतदानात नाकारले होते. पाठोपाठ बाइलस्टाइन यांचे नाव पुढे आले, तेव्हा वाद पेटला. आवर्त सारणीचा कर्ता बाहेर आणि संकलक आत, हे कसे? आक्षेपात तथ्य होते. मेंडेलीव्ह यांची उंची वेगळीच. पण दुसऱ्यांचे काम तपासून मांडणे म्हणजे विज्ञान नव्हे, हा त्यातला सूर अन्यायाचा होता. बाइलस्टाइन पुढे अकादमीचे सदस्य झाले, मेंडेलीव्ह यांना पूर्ण सदस्यत्व कधीच मिळाले नाही.

ग्रंथाचे पुढे काय झाले?

चार खंडांची तिसरी आवृत्ती १८९९ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा हे काम एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेले होते. ते जर्मन केमिकल सोसायटीकडे सोपवण्यात आले. १९०६ मध्ये बाइलस्टाइन यांचे निधन झाले. पुढच्या शतकात खंडांची संख्या पाचशेच्या घरात गेली. १९८०च्या दशकात भाषा बदलून इंग्रजी झाली. तोवर हा ग्रंथ वाचण्यापुरते जर्मन शिकणे भागच होते. आता ही माहिती ‘रिअ‍ॅक्सिस’ या डेटाबेसमध्ये आहे. तिथे रचनेचे चित्र काढून संयुग शोधता येते आणि उत्तरात गुणधर्मासोबत नियतकालिक, वर्ष व पृष्ठ येते.