संपूर्णानंदांचे बिनभिंतींचे तुरुंग

१९५२ च्या अखेरीस, तेव्हाच्या बनारस जिल्ह्यातील चकियाजवळ चंद्रप्रभा नदीवर धरण बांधण्याच्या कामावर उत्तर प्रदेशच्या निरनिराळ्या तुरुंगांतले कैदी रुजू झाले. त्यांच्या वस्तीला उंच भिंत नव्हती. बाहेरच्या मजुराला जो दर मिळे, त्याच दराने त्यांची मजुरी लागत असे आणि तिच्यातून त्यांच्या निर्वाहाचा खर्च सरकार वजा करून घेत असे. शिक्षा भोगणारा माणूस स्वतःच्या अन्नाचे पैसे स्वतः भरतो, ही कल्पना १८९४ च्या तुरुंग कायद्यावर पोसलेल्या प्रशासनाला सहज पचणारी नव्हती.

या प्रयोगाचे श्रेय मुख्यमंत्री संपूर्णानंद यांना देणारे लेखन पुष्कळ आढळते. श्रेय योग्य, पद चुकीचे. मुख्यमंत्री तेव्हा गोविंद वल्लभ पंत होते. संपूर्णानंद त्यांच्या मंत्रिमंडळातील ज्येष्ठ मंत्री होते आणि मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे डिसेंबर १९५४ मध्ये आले. हा तपशील क्षुल्लक वाटेल. पण राज्याचे सर्वोच्च पद हाती नसतानाही एखादा मंत्री काय करू शकतो, हे त्यावरून दिसते.

काशीतल्या कायस्थ कुटुंबात वाढलेल्या या गृहस्थांचे शिक्षण विज्ञानाचे, पेशा शिक्षकाचा आणि ओढा तत्त्वज्ञानाकडे. इंदूरचे डेली कॉलेज आणि बिकानेरचे डुंगर कॉलेज येथे त्यांनी अध्यापन केले. असहकाराच्या काळात ते काशीला परतले, ‘मर्यादा’ मासिकाचे संपादन केले, काशी विद्यापीठात शिकवले. १९३४ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या अधिवेशनाचे अध्यक्ष तेच होते. समाजवादावर हिंदीत ग्रंथ लिहिणारा हा माणूस योग आणि ज्योतिष यांतही तितकाच रमत असे. खगोलशास्त्राच्या त्यांच्या आवडीतूनच १९५४ मध्ये बनारसला राज्याची वेधशाळा उभी राहिली आणि पुढे ती नैनितालला गेली.

स्वातंत्र्यलढ्यात त्यांना अनेकदा कारावास घडला. त्या पिढीतील बहुतेक नेत्यांनी तुरुंग आतून पाहिला होता. सत्ता आल्यावर मात्र त्यांतल्या फार थोड्यांनी तो पुन्हा पाहिला, आणि तुरुंग कायदा होता तसाच राहिला. संपूर्णानंद त्या थोड्यांपैकी एक. मंत्री झाल्यावर कैद्याला काय शिकवावे यापेक्षा त्याला काम कोण देईल, हा प्रश्न त्यांनी पुढे घेतला. तुरुंगात सतरंज्या विणायला शिकवून माणसाला बाहेर सोडायचे आणि सतरंजीचा कारखानदार त्याला दारातही उभे करत नाही, हे चक्र ओळखीचेच आहे.

त्यावर त्यांचे उत्तर सरळ होते: पहिला मालक सरकारने व्हावे. राज्यात धरणे, कालवे, पूल आणि कारखाने उभे राहत होते व कामाला हात हवे होते. चकियानंतर कर्मनाशा नदीवरच्या धरणासाठी नौगढला शिबिर झाले. काम संपले की तंबू पुढच्या कामावर जात. १५ मार्च १९५६ रोजी मिर्झापूर जिल्ह्यातील घुर्मा येथे १५० कैद्यांचे शिबिर सुरू झाले. चुर्कच्या सरकारी सिमेंट कारखान्यासाठी दगड काढणे हे त्यांचे काम. ही संख्या एका टप्प्यावर १,७०० पर्यंत गेली. १९६० मध्ये नैनिताल जिल्ह्याच्या तराईत सितारगंज येथे पडीक जमीन लागवडीखाली आणण्यासाठी शिबिर निघाले. तो भाग आज उत्तराखंडात आहे.

याच १९५२ साली गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. त्या कायद्याखालच्या वसाहतींनाही काम देण्याचे तत्त्व ठाऊक होते. सोलापूरच्या सेटलमेंटमधून गिरण्यांना कामगार मिळत. पण तिथे तारेच्या कुंपणातल्या माणसाने गुन्हा केलेलाच असे असे नव्हे. त्याचा जन्म पुरेसा होता. चकियात न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाभोवती कुंपण नव्हते. एकाच वर्षातल्या या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे राज्यकर्त्यांच्या दृष्टीत किती अंतर पडत होते, हे ध्यानात येते. उघड्या माळावर कैदी ठेवण्याची कल्पना मराठी वाचकाला अपरिचित नाही. औंध संस्थानातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची वसाहत चकियाच्या आधीची, आणि ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट तिच्यावरूनच सुचला. फरक प्रमाणाचा होता. स्वतंत्रपूर मूठभरांचे होते, घुर्मा हजारांच्या हिशेबात चालले.

या शिबिरांचे दोष झाकण्याचे कारण नाही. निवड धडधाकट पुरुषांची होई. वृद्ध, आजारी आणि स्त्रिया त्या चाळणीतून गळत. सारी व्यवस्था एका मंत्र्याच्या आस्थेवर उभी होती आणि तिला कायद्याचा स्वतंत्र आधार त्यांनी दिला नाही, हे प्रशासक म्हणून मला मोठे न्यून वाटते. शिवाय सरकार मालक असले की खासगी मालकाची परीक्षा होतच नाही. दगडाच्या खाणीत चार वर्षे इमानाने राबलेल्या माणसाचा तो अनुभव कानपूरच्या गिरणीमालकापुढे कोणत्या कागदावर ठेवायचा, याची सोय नव्हती.

पक्षांतर्गत गटबाजीने डिसेंबर १९६० मध्ये त्यांचे मुख्यमंत्रिपद गेले. एप्रिल १९६२ मध्ये ते राजस्थानचे राज्यपाल झाले. राज्यपालाच्या हाती धोरण नसते; मोहनलाल सुखाडिया यांचे सरकार आपल्या रीतीने चालत होते. तरी १९६३ साली जयपूरजवळ सांगानेर येथे सुरू झालेल्या खुल्या बंदी शिबिराला संपूर्णानंदांचेच नाव मिळाले, आणि उत्तर प्रदेशात सुटलेला धागा इथे उचलला गेला. सांगानेरचा कैदी कुटुंबासह राहतो, सकाळी हजेरी देऊन शहरात जातो, स्वतः शोधलेले काम करतो आणि सायंकाळच्या हजेरीला परततो. त्याचे जेवण, विजेचे बिल, मुलांची शाळा हा खर्च त्याचाच. सरकारला फारसे काही द्यावे लागत नाही. शिबिराचा रोजचा कारभार पाहायला कैद्यांचीच पंचायत असते.

हे जमते, कारण मालकाला सारे ठाऊक असते. समोरचा माणूस शिक्षा भोगतो आहे, कदाचित खुनाची, हे लपलेले नसते. आणि तो रोज दोनदा हजेरी देतो, म्हणजे राज्याची त्याच्यावर नजर आहे, एवढी हमी मालकाला पुरते. माणूस सुटला की ती हमी त्याच दिवशी संपते. त्यानंतर नोकरीच्या अर्जात रकाना असतो, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी असते आणि कैदी असताना मिळालेले काम मुक्त नागरिकाला नाकारले जाते. पडताळणीचे असे कागद सेवेत असताना मी पुष्कळ पाहिले. गुन्हा कोणता, किती वर्षांपूर्वीचा, त्याचा त्या कामाशी संबंध काय, हे विचारण्याची जागाच त्यांत नसे.

कायद्याने या माणसाला अर्धवटच सावरले आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचे बारावे कलम परिवीक्षेवर सुटलेल्यांना दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासून वाचवते. बाल न्याय कायदा अल्पवयीनांना तसेच संरक्षण देतो. प्रत्यक्ष तुरुंगवास भोगून आलेल्या प्रौढाला मात्र असे सर्वसाधारण कवच नाही. ठरावीक काळानंतर जुनी शिक्षा पुसली गेली असे मानणारा ब्रिटनमधील १९७४ च्या कायद्यासारखा कायदा आपण केलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात नियोक्त्यांना तारतम्याला वाव दिला: माहिती दडवू नये हे बंधन उमेदवारावर, आणि गुन्ह्याचे स्वरूप पाहून निर्णय घेण्याची मुभा मालकाला. या मुभेचा उपयोग करण्याचे धाडस कार्यालयातला कारकून करणार नाही. वरिष्ठाने लेखी निकष दिले, तरच तो करील. कामाशी संबंध नसलेला जुना गुन्हा आड येऊ नये, एवढे एक वाक्य सरकारी भरतीच्या नियमांत आले, तरी खासगी मालकांपुढे नमुना उभा राहील. शिबिरातल्या वर्षांचे कामाचे प्रमाणपत्र तुरुंग विभागाने द्यावे, यालाही मोठा खर्च नाही.

राज्यपालपदाची मुदत १९६७ मध्ये संपली, संपूर्णानंद काशीला परतले आणि १० जानेवारी १९६९ रोजी तिथेच निवर्तले. वाराणसीच्या संस्कृत विश्वविद्यालयाला पुढे त्यांचे नाव दिले गेले आणि बहुतेकांना ते त्या नावानेच आठवतात. सांगानेरच्या शिबिराची जमीन इतर सार्वजनिक कामासाठी घेण्याचा विषय मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने शिबिराचे क्षेत्र कमी करण्यास मनाई केली.