चर्चमध्ये लोकांचं मन रमावं म्हणून या इंग्रज पाद्र्याने मराठीत ११ हजार ओव्या लिहिल्या

गोष्ट आहे १६व्या शतकातल्या गोव्याची. पोर्तुगीजांनी सासष्टीतली देवळं पाडली, गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. रविवारी लोक चर्चमध्ये यायचे, पण मन रमायचं का? पिढ्यान्‌पिढ्या पुराण ऐकत आलेल्या या लोकांच्या जुन्या पोथ्यांवर आता बंदी होती. पाठ करायला धर्माची प्रश्नोत्तरं होती, पण ऐकायला कथा नव्हती.

ही अडचण ओळखली फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जन्मलेले स्टीफन्स जेझुइट झाले आणि १५७९ मध्ये गोव्यात आले. पुढची जवळपास ४० वर्षं ते इथेच राहिले. त्यांनी लोकांची भाषा शिकून घेतली, कोकणीचं व्याकरणही लिहिलं.

१६१६ मध्ये राशोलला त्यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. गोष्टी बायबलच्या, पण भाषा मराठी आणि छंद ज्ञानेश्वर-एकनाथांचा, म्हणजे ओवी. स्वर्गासाठी शब्दही वैकुंठ. देवनागरीचे टाइप नसल्याने छपाई मात्र रोमन लिपीत झाली.

१६१९ मध्ये स्टीफन्स वारले. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा बंद करण्याचा हुकूम काढला. पुढे क्रिस्तपुराणाच्या जुन्या छापील प्रतीही नाहीशा झाल्या. पण लोकांनी हाताने नकला करून ते जपलं. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांनीच ते वाचवलं.