डॉक्टर आर्थर विंट



क्रीडा सप्ताहाची तयारी चालू असताना आमच्याकडे दहावीच्या एका पालकांचा अर्ज आला. मुलाला पुढे डॉक्टर व्हायचे आहे, तरी त्याचे नाव रिले संघातून कमी करावे, असे त्यात लिहिले होते. अर्ज नम्र भाषेत होता आणि वडिलांची काळजीही खरी होती. आम्ही त्यांना बसवून घेतले, चहा मागवला आणि जमैकाच्या एका डॉक्टरांची हकीकत सांगितली. तीच येथे सर्वांसाठी देत आहोत. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे, त्यामुळे भाषेत काही उणे राहिल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमच्या पिढीला जमैका माहीत झाला तो रेडिओवरील क्रिकेटच्या कॉमेंट्रीमुळे. आजच्या मुलांना तो उसेन बोल्टमुळे माहीत आहे. परंतु वेस्ट इंडीजमधील या बेटाला ऑलिंपिकचे पहिले सुवर्णपदक १९४८ साली मिळाले, आणि ते आर्थर विंट यांनी मिळवून दिले.

विंट यांचा जन्म २५ मे १९२० रोजी जमैकाच्या मँचेस्टर परगण्यात झाला. उंची सहा फुटांहून बरीच जास्त आणि पाय लांब, त्यामुळे धावताना त्यांची ढांग पाहण्यासारखी असे. शाळेत असतानाच त्यांचे नाव बेटभर झाले होते. १९३८ साली पनामा येथील मध्य अमेरिकन क्रीडा स्पर्धेत त्यांनी ८०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. आता ऑलिंपिक, असेच कोणालाही वाटले असते. पण महायुद्ध सुरू झाले आणि १९४० व १९४४ ही दोन्ही ऑलिंपिक रद्द झाली. धावपटूच्या पायात सर्वांत जास्त जोर असतो ती वर्षे अशी निघून गेली. विंट या काळात ब्रिटिश विमानदलात दाखल झाले, कॅनडात प्रशिक्षण घेऊन वैमानिक झाले आणि १९४४ मध्ये इंग्लंडला पोहोचले.

युद्ध संपल्यावर १९४७ साली त्यांनी विमानदल सोडले आणि लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश घेतला. म्हणजे पुढच्या वर्षी लंडनला ऑलिंपिक भरले तेव्हा ते त्याच शहरात डॉक्टरीचे विद्यार्थी होते. वय अठ्ठावीस. पालकांनी हा हिशेब जरूर लक्षात घ्यावा.

जमैका तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती आणि ऑलिंपिकमध्ये प्रथमच उतरत होती. २ ऑगस्टला ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत अमेरिकेचे माल व्हिटफील्ड पहिले आले, विंट दुसरे. तीन दिवसांनी ४०० मीटरची अंतिम शर्यत झाली. तिथे सर्वांची नजर विंट यांच्यावर नव्हती, ती त्यांचेच देशबांधव हर्ब मॅकिन्ली यांच्यावर होती. मॅकिन्ली यांनी त्याच उन्हाळ्यात ४५.९ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. ते सुरुवातीपासूनच सुसाट निघाले आणि पुष्कळ पुढे गेले. विंट यांनी शेवटच्या सरळ पट्ट्यात आपल्या लांब ढांगांनी अंतर कापत आणले आणि अगदी अखेरीस त्यांना मागे टाकले. वेळ ४६.२ सेकंद, ऑलिंपिक विक्रमाची बरोबरी. मॅकिन्ली ४६.४ सेकंदांत दुसरे आले.

आणखी दोन दिवसांनी ४ × ४०० मीटर रिलेची अंतिम शर्यत होती. विंट, मॅकिन्ली, जॉर्ज रोडन आणि लेस्ली लेंग, असा तगडा संघ. स्वतःची फेरी धावत असताना विंट यांच्या पायाचा स्नायू आखडला आणि ते ट्रॅकवर कोसळले. जमैकाची शर्यत तिथेच संपली. एकट्याची शर्यत हरली तर दुःख एकट्याचे असते, पण रिलेत पडणाऱ्याला बाकी तिघांच्या तोंडाकडे पाहावे लागते. ज्या मुलांच्या हातून आंतरशालेय स्पर्धेत बॅटन निसटला होता, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

चार वर्षे गेली. विंट यांचा अभ्यास चालू होता, सरावही चालू होता. १९५२ चे ऑलिंपिक फिनलंडमधील हेलसिंकी येथे भरले. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले ते याच ऑलिंपिकमध्ये. लंडनलाही खाशाबा गेले होते, तिथे ते सहावे आले होते. दोघांची भेट झाली असेल की नाही कोण जाणे, पण दोघांचीही ही दुसरी खेप होती.

हेलसिंकीत ८०० मीटरला पुन्हा व्हिटफील्ड पहिले आणि विंट दुसरे. ४०० मीटरमध्ये तर विंट पाचवे आले, सुवर्ण रोडन यांनी घेतले. बत्तीस वर्षांच्या माणसाने इथे थांबायला हरकत नव्हती. पण रिले राहिली होती, आणि संघ तोच होता, चौघेही तेच.

पहिली फेरी विंट यांनी धावली आणि बॅटन सुखरूप लेंग यांच्या हाती दिला. लेंग यांच्या फेरीनंतर जमैका बरीच मागे पडली होती. तिसऱ्या फेरीत मॅकिन्ली यांच्या पुढे अमेरिकेचे चार्ल्स मूर होते, ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीचे ताजे ऑलिंपिक विजेते. मॅकिन्ली यांनी ४४.६ सेकंदांत फेरी पूर्ण करून मूर यांना गाठले. शेवटच्या फेरीत रोडन यांच्या अंगाशी व्हिटफील्ड होते, ज्यांनी विंट यांना दोनदा हरवले होते तेच. रोडन यांनी त्यांना पुढे जाऊ दिले नाही. जमैका ३ मिनिटे ३.९ सेकंद, अमेरिका ३ मिनिटे ४.० सेकंद. फरक एका सेकंदाच्या दहाव्या भागाचा! १९३२ पासूनचा विश्वविक्रम चार सेकंदांहून अधिक फरकाने मोडला गेला.

१९५३ साली विंट यांनी लंडनला वेम्बली मैदानावर शेवटची शर्यत धावली आणि त्याच वर्षी ते डॉक्टर झाले. १९५५ मध्ये ते मायदेशी परतले. राजधानीत थोर नाव लावून बसता आले असते, पण ते हॅनोव्हर या दूरच्या परगण्यात गेले. तिथे राहणारे ते एकमेव डॉक्टर होते. ऑलिंपिकच्या दोन सुवर्णपदकांचा मानकरी खेड्यातल्या आजाऱ्यांना तपासतो आहे, हे चित्र आम्हाला वेम्बलीच्या शर्यतीपेक्षाही जास्त आवडते.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये जमैका स्वतंत्र झाली. पुढे १९७४ ते १९७८ या काळात विंट हे ब्रिटनमध्ये जमैकाचे उच्चायुक्त होते. ज्या लंडनमध्ये ते वसाहतीचे खेळाडू म्हणून धावले, तिथेच स्वतंत्र देशाचे प्रतिनिधी म्हणून राहिले. कार्यकाळ संपल्यावर ते पुन्हा जमैकाला आले आणि पुन्हा डॉक्टरी करू लागले.

१९ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. जमैकात ऑक्टोबरचा तिसरा सोमवार राष्ट्रवीर दिन म्हणून पाळतात. त्या वर्षी तो नेमका त्याच दिवशी आला होता.