कवटीत हवा भरून मेंदू पाहणारे डॉक्टर : वॉल्टर डँडी

लहान बाळाला तापात झटके आले, ते सुस्त पडलं किंवा त्याचं डोकं वयाच्या मानाने भराभर वाढू लागलं, तर आज डॉक्टर सोनोग्राफी किंवा एमआरआय करायला सांगतात. विषाणूमुळे मेंदूला सूज आली आहे का, डोक्यात पाणी साचतंय का, याचा अंदाज त्यातून येतो.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हे पाहण्याचा कुठलाच मार्ग नव्हता. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये लागला होता, पण त्यात कवटीचं हाड दिसायचं आणि आतला मेंदू नाही. आई-वडिलांच्या डोळ्यांदेखत बाळाचं डोकं फुगत जायचं आणि डॉक्टरांना नुसतं बघत बसावं लागायचं. हे चित्र बदलण्यात मोठा वाटा होता वॉल्टर डँडी या अमेरिकन सर्जनचा.

रेल्वे इंजिनचालकाचा मुलगा

डँडी यांचा जन्म ६ एप्रिल १८८६ रोजी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, सेडालिया या गावी झाला. वडील इंग्लंडहून आणि आई आयर्लंडहून आलेली. वडील रेल्वेत इंजिन चालवायचे. वॉल्टर हे त्यांचं एकुलतं एक अपत्य. अभ्यासात हुशार असलेला हा मुलगा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकायला गेला आणि १९१० मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी डॉक्टर झाला.

तिथे त्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेतले दिग्गज हार्वी कुशिंग यांच्या हाताखाली काम केलं. दोघेही तितकेच हट्टी, त्यामुळे पटलं नाही. १९१२ मध्ये कुशिंग बोस्टनला गेले, डँडी मात्र बाल्टिमोरलाच राहिले. हे वैर पुढे आयुष्यभर टिकलं.

डोक्यात पाणी का साचतं?

आपल्या मेंदूत चार पोकळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत तयार होतो, अरुंद वाटांनी खाली वाहत जातो आणि शेवटी रक्तात शोषला जातो. ही वाट कुठे अडली की द्रव तुंबतो आणि पोकळ्या फुगतात. यालाच हायड्रोसेफलस म्हणतात.

आज हे सोपं वाटतं, पण तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं. डँडी आणि बालरोगतज्ज्ञ केनेथ ब्लॅकफन यांनी १९१३-१४ च्या सुमारास ते शोधून काढलं. कुत्र्यांवर प्रयोग करताना डँडी यांनी तिसऱ्या आणि चौथ्या पोकळीमधली बारीक नळी बंद केली, तेव्हा वरच्या पोकळ्या फुगल्या. आजारी बाळांच्या मेंदूतल्या पोकळीत त्यांनी रंग सोडला आणि तो पाठीच्या कण्यातल्या द्रवात उतरतो का, ते पाहिलं. रंग उतरला नाही, तर वाट बंद आहे हे कळायचं.

पण बंद कुठे आहे? ते पाहायचं कसं?

हवेची युक्ती

डँडी यांनी आधी वेगवेगळी रसायनं कुत्र्यांच्या मेंदूत सोडून पाहिली. ती क्ष-किरणांत दिसत होती, पण प्राणी दगावत होते. मग त्यांचं लक्ष एका साध्या गोष्टीकडे गेलं. पोटाच्या एक्स-रेमध्ये आतड्यातला वायू काळा आणि स्पष्ट दिसतो. मग मेंदूतही हवाच भरली तर?

१९१८ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. सुरुवातीचे रुग्ण लहान मुलंच होती. तान्ह्या बाळाची टाळू उघडी असल्याने तिथून सुई घालता यायची. मोठ्या मुलांच्या कवटीला मात्र छिद्र पाडावं लागायचं. थोडा द्रव काढायचा, तितकीच हवा भरायची, असं टप्प्याटप्प्याने चालायचं. हवा वर चढते, म्हणून डोकं वेगवेगळ्या बाजूंना वळवून एक्स-रे काढायचे. माणूस जिवंत असताना त्याच्या मेंदूतल्या पोकळ्यांचा आकार आता दिसू लागला. पुढच्याच वर्षी त्यांनी पाठीच्या कण्यातून हवा सोडण्याची पद्धतही मांडली.

या तपासणीची किंमत मोठी होती. भयंकर डोकेदुखी, उलट्या आणि कधीकधी मृत्यूसुद्धा. कुशिंग यांनीही तिच्या अतिवापराबद्दल सावध केलं होतं. शिवाय दोष दिसला म्हणजे तो बरा करता आलाच असं नव्हतं. द्रव तयार करणारा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया डँडी यांनी चार बाळांवर केली, त्यातली तीन वाचली नाहीत. तरीही ते थांबले नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र करून द्रवाला नवी वाट देण्याची शस्त्रक्रिया मांडली. तीच कल्पना आज दुर्बिणीच्या मदतीने वापरली जाते.

तापट, पण गरिबांचे डॉक्टर

शस्त्रक्रियेच्या वेळी डँडी यांचा पारा चढला की सहकाऱ्यांची काही खैर नसे. पण गरीब रुग्ण आणि शाळामास्तरांकडून ते पैसे घेत नसत. ऑपरेशननंतर रुग्णांवर खास लक्ष ठेवायला त्यांनी १९२३ मध्ये तीन खाटांचा वेगळा कक्ष सुरू केला. आजच्या आयसीयूची सुरुवात अनेक जण तिथून मानतात. १९ एप्रिल १९४६ रोजी, साठी नुकतीच पूर्ण झालेली असताना, हृदयविकाराने त्यांचं निधन झालं.

विषाणू जातो, खूण राहते

वाट अडते कशी, याचं एक उत्तर डँडी यांच्या मृत्यूनंतर २१ वर्षांनी मिळालं. १९६७ मध्ये अमेरिकेत हॅमस्टरच्या नवजात पिल्लांना गालगुंडाचा विषाणू टोचण्यात आला. विषाणूने मेंदूतल्या त्याच बारीक नळीचं अस्तर खराब केलं. नंतर विषाणू नाहीसा झाला, पण नळी बुजली आणि डोक्यात पाणी साचलं. म्हणजे चोर पसार, मोडलेलं दार तेवढं मागे! अशा वेळी रक्ततपासणीत काही सापडलं नाही तरी मेंदूचं चित्र बोलतं.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचं सीटी स्कॅन झालं आणि हवा भरण्याची गरज हळूहळू संपली. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये झिका विषाणूची साथ आली, तेव्हा बाळांच्या मेंदूतल्या फुगलेल्या पोकळ्या आणि कॅल्शियमचे ठिपके स्कॅनमध्येच दिसले. आपल्याकडेही २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात झिकाचा रुग्ण सापडला आणि २०२४ मध्ये पुण्यातल्या काही गरोदर महिलांना त्याची लागण झाली. पोटातल्या बाळाचा मेंदू नीट वाढतोय ना, हे पाहायला तेव्हा सोनोग्राफीच हाताशी होती.

बाळ जन्मल्यावर त्याच्या टाळूवर सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं की पोकळ्या दिसतात. ज्या जागेतून डँडी सुई घालत, त्याच जागेतून आज आवाजाच्या लहरी आत जातात. बाळाला टोचावंही लागत नाही. डॉक्टर मात्र आजही आधी तेच पाहतात, जे डँडी पाहत होते : पोकळ्या किती मोठ्या आहेत आणि वाट कुठे अडली आहे.